उपरण्याखालचा कॅमेरा

कॅमेरा घ्यायचा हे ठरवायला मला दोन मिनिटं लागली आणि कोणता घ्यायचा हे ठरवता ठरवता सात महिने गेले. मी जळगावला एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज, नावातल्या चुका, न चालणारं पोर्टल आणि खिडकीपलीकडे वैतागलेली पोरं, यात पंधरा वर्षं गेली. आपलं म्हणावं असं एक काहीतरी असावं, रविवारी मेहरूणच्या तलावावर जाऊन पक्ष्यांचे फोटो काढावेत, एवढीच हौस होती. खिशाची झेप पंचवीस हजारांपर्यंत.

जेवणाच्या सुट्टीत एका हातानं डबा खात मी मोबाइलवर व्हिडिओ बघायचो. एक म्हणे, बॉडी म्हणजे नुसता कॅमेरा, तो साधा घ्या, पैसा लेन्समध्ये घाला. दुसरा म्हणे, आधी कॅमेऱ्यासोबत मिळते त्या किट लेन्सवर हात बसवा. तिसऱ्याच्या मते पन्नासची प्राइम लेन्स नसेल तर तुम्ही फोटोग्राफरच नाही. पक्ष्यांसाठी लांबची लेन्स लागणार, आणि बऱ्यापैकी लांबची घ्यायची तर बॉडीला पैसे उरणार नाहीत. चौथा तर म्हणाला, डीएसएलआरचे दिवसच संपले. मी घ्यायच्या आत संपलेसुद्धा! जळगावातल्या एका दुकानात गेलो, तर तिथल्या माणसानं किंमत सांगण्याआधी माझ्या चपलांकडे बघितलं. मी तसाच घरी आलो. निवडण्याचाच इतका शीण आला होता, की कोणीतरी काहीही हातात द्यावं आणि सुटका करावी असं वाटायला लागलं.

मग ऑफिसातल्या एकानं सांगितलं, की धुळ्याला एक जुना स्टुडिओ बंद होतोय आणि मालक सामान काढतोय. हे मी गावी फोनवर सहज बोललो आणि फसलो. नाना, म्हणजे माझे वडील, साक्रीकडच्या आमच्या गावात कोरडवाहू शेती करतात. बैलजोडी सोडली तर त्यांनी उभ्या आयुष्यात मोठी खरेदी केलेली नाही.

"मी बी येस," ते म्हणाले. "जुनी वस्तू तुले पारखता येत नही."

आठवडाभर दमलोय, उगाच तुमचीही धावपळ नको, असं मी म्हटलं, तर नेहमीचं उत्तर आलं. "खुर्चीवर बशीसन काय थकस रे तू?" हे मी पंधरा वर्षं ऐकतोय. ऊन नाही, चिखल नाही, महिन्याला पगार, मग थकवा कसला! आधी वाद घालायचो, हल्ली गप्प बसतो. पण लागतं ते लागतंच.

ते साक्रीहून आले, मी जळगावहून. स्टुडिओचा मालक साठीला टेकलेला, गुडघ्यांनी हैराण. तीस वर्षं लग्नं काढली, आता लोक मोबाइलवर भागवतात, असं त्यानं कुणालाही दोष न देता सांगितलं. काउंटरवर त्यानं बॉडी, पन्नासची लेन्स आणि लांबची सत्तर-तीनशे मांडली. बॉडी आणि पन्नासची मिळून चोवीस हजार, लांबची वेगळी, आठ हजार. मी मनात पक्षी सोडून दिले.

नानांनी कॅमेरा हातावर तोलला. लेन्सच्या आत असं वाकून पाहिलं, की वाटलं, आता हे बैलासारखे याचेही दात मोजणार. मग कानाशी धरून पाच-सहा वेळा बटण दाबलं. "दम चांगला शे," म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तेवढ्यात त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून त्या माणसाच्या हातावर टाकलं आणि स्वतःचा हात खाली घातला.

आमच्याकडे बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली समोरच्याची बोटं धरायची, धरलेल्या बोटांवरून त्याला आकडा कळतो. त्यानं मान डोलावली की सौदा पक्का. मग त्यातून फिरणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं. पण हा माणूस धुळे शहरात वाढलेला. तो नानांकडे बघत राहिला, त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं दोनदा मान डोलावली.

"बठ्ठं धरीसन बावीस," नानांनी जाहीर केलं. "व्हई गयं."

बठ्ठं म्हणजे समोर मांडलेलं सगळं, दोन्ही लेन्ससकट. त्या माणसाला काहीच कळेना. मी शरमेनं लाल होत त्याला तो हिशेब उलगडून सांगितला. त्यानं उपरण्याची घडी करून नानांच्या हातात दिली. मग म्हणाला, "मला वाटलं, स्टुडिओ बंद होतोय म्हणून नाना हात धरून धीर देताहेत."

सौदा सोडून द्या, मी म्हणालो. पण त्यानं नकारार्थी मान हलवली. "हो म्हटलं ना मी. न्या. फक्त एक करा भाऊ, वापरा. हे यंत्र कपाटात पडू देऊ नका." मी वापरीन म्हणालो आणि खिशातले सगळे पंचवीस हजार त्याच्या हातावर ठेवले. नानांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचा मुलगा नसून समोरच्याचा दलाल आहे. मग त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा सोडवला आणि त्या माणसाच्या हातात दिला. "दावं इकनाराकडेच ऱ्हास." बैल विकला तरी त्याचं दावं विकणाऱ्याकडेच राहतं, अशी आमच्याकडची रीत. त्यानं तो पट्टा निमूटपणे मनगटाला गुंडाळला.

पहिल्या रविवारी मी मेहरूणला गेलो. एक पाणकावळा काढला, हलला. दुसऱ्या रविवारी ऑफिसचं काम घरी आणलेलं होतं. तिसऱ्या रविवारी झोपलो. मग झोपतच गेलो. कॅमेरा कपाटात, बायकोच्या साड्यांच्या खालच्या कप्प्यात. कपाट उघडलं की त्या माणसाचा चेहरा आठवे आणि मी दार लावून घेई. दिलेला शब्द पाळायलाही अंगात त्राण लागतं, हे मला तेव्हा कळलं.

होळीनंतर एका रविवारी दुपारी तोच स्टुडिओवाला दारात उभा राहिला. लेक जळगावला दिलेली, तिच्याकडे आला होता; पत्ता सौद्याच्या दिवशी मीच दिला होता. मी झोपेतून उठून बनियनवरच दार उघडलं. चहा झाला आणि त्यानं हौसेनं विचारलं, "दाखवा ना, काय काय काढलं?"

कॅमेरा आणून दिला. चौदा फोटो होते. त्यानं ते सावकाश बघितले, पुन्हा पहिल्यापासून बघितले. मी कारणं सांगायला लागलो, पोर्टल, मार्चअखेर, माणसं कमी. मला स्वतःचीच चीड येत होती. त्यानं पन्नासची लेन्स चढवली, म्हणाला, "बसा तसेच," आणि खिडकीच्या उजेडात माझा एक फोटो काढला. कॅमेरा टेबलावर ठेवून तो निघून गेला. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

तो फोटो मी बघितला नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जाताना मात्र कॅमेरा पिशवीत टाकला, कारण नाना फोनवर दर वेळी त्याचीच चौकशी करायचे. ओट्यावर बसून त्यांनी तो मांडीवर घेतला आणि मी दाखवलेलं बटण दाबत एकेक फोटो पुढे सारत गेले. पाणकावळा गेला, तलाव गेला, गच्चीवरचे कपडे गेले. शेवटच्या फोटोवर ते थांबले. चष्मा पुसून पुन्हा लावला. त्यांच्या खांद्यावरून मीही तो पहिल्यांदाच पाहिला. बनियनवरचा, दाढी वाढलेला, डोळ्यांखाली काळं पडलेला एक माणूस होता. खुर्चीवरच बसलेला.

नानांनी कॅमेरा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"इतला थकेल शे का रे तू?"

मी एक्केचाळीस वर्षांचा आहे. हो म्हणालो आणि त्यांच्यासमोर रडलो.