फोडाचं काळीज

कळंबच्या बाजारात बलभीमचं मटणाचं दुकान म्हणजे चार पत्रे, बाभळीचा ओंडका आणि तीन सुऱ्या. तरी गिऱ्हाईक पार ढोकीवरून यायचं, कारण बलभीम खोटीचा माल देत नाही, असा त्याचा लौकिक. बोकड सोलला की तो काळीज तळहातावर घ्यायचा, उजेडाकडं धरून बोटानं चाचपायचा. पाण्यानं टम्म भरलेला पांढुरका फोड लागला, की ते काळीज बाजूला.

"अवो, फोड तेवढा कापा आन बाकीचं द्या की," एखादा म्हणायचा.

"न्हाय जमायचं. फोडाचं काळीज मानसाच्या ताटात जात न्हाय. बापाची शिकवन हाय."

"मग टाकून देता व्हय?"

"टाकू कशाला? घरी खानारा हाय की!"

घरी भुऱ्या कुत्रा होता. नवराबायकोला लेकरू नव्हतं, म्हणून बलभीमनंच ते पिल्लू बायकोच्या, केशरबाईच्या ओटीत आणून टाकलेलं. संध्याकाळी डबा उघडला, की भुऱ्या ते कच्चं काळीज दोन घासांत संपवायचा, आणि मग तोंड चाटत चुलीपाशी केशरबाईला बिलगायचा. ती एका हातानं त्याची मान खाजवायची आणि तोच हात पुन्हा पिठात घालायची.

"माज्या ताटात नुसता रस्सा, आन ह्याला काळीज! ह्या घरात बायकू कोन हाय वो?"

"बायकू तूच. पन राखन त्यो करतोय."

"आन तुमची राखन कोन करतंय?" म्हणून ती परातीत भाकरी आपटायची.

आठ वर्षं असंच चाललं. मग केशरबाईच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. पित्त असंल म्हणून तिनं ओवा खाल्ला, सोडा घेतला. पोट एका बाजूनं फुगलं, तेव्हा कळंबच्या दवाखान्यात पोटाचा फोटो काढला आणि तिथून सोलापूरला धाडलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं लहानच होत्या. त्यांनी फोटो उजेडाला धरला. बलभीमनंही मान वर करून पाहिलं. ते काळीज होतं. त्यात फोड होता.

"घरी कुत्रं आहे?"

"हाय की."

"खायला काय घालता?"

"चांगलंच घालतो, बाई. फोडाचं काळीज, फुप्फुस. मानसाला कंदी इकलं न्हाय म्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कच्चं?"

"कच्चंच. कुत्र्याला कोन शिजवून घालतंय?"

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. त्या फोडात जंताची पिल्लं असतात. कुत्र्याच्या पोटात ती मोठी होतात. कुत्र्याला काही होत नाही, ते मजेत शेपूट हलवतं. अंडी मात्र विष्ठेतून बाहेर पडतात, मातीला, केसांना चिकटतात. तिथून माणसाच्या हाताला, हातातून घासाला. आणि मग माणसाच्या काळजात तसाच फोड धरतो. वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

"मग काय करायचं हुतं म्या? मानसाला इकायचं हुतं का?"

"नाही हो. खोल खड्ड्यात पुरायचं होतं, कुत्री उकरणार नाहीत असं. कुत्र्याला घालायचं ते पाऊण तास उकळून. आणि त्याला जंताचं औषध नेमानं."

"येवढंच?" बलभीम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. दुपारी, जेवणाचा डबा तसाच बंद ठेवून, त्यानं केशरबाईला सगळं सांगितलं. लपवलं असतं तर चाललं असतं, असं शेजारच्या खाटेवरची बाई नंतर म्हणाली. पण खोट झाकायची सवय त्याला नव्हती.

केशरबाई छताकडं बघत राहिली.

"भुऱ्याला मारू नगा."

"न्हाय मारत."

"त्यानं मागितलं न्हवतं. तुमी घातलं."

आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

"केशर, येक डाव इकडं बग की."

तिनं बघितलं नाही. सकाळी चाकाच्या खाटेवरून नेतानाही डोळे मिटलेले होते. रागानं की भीतीनं, ते त्याला कळलं नाही. ऑपरेशन चालू असतानाच पोटात फोड फुटला, पाणी पसरलं आणि अंगानं ते सोसलं नाही. डॉक्टरांनी दोन तास शर्थ केली. बाहेर आल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंचेच डोळे भरलेले होते.

आता दुकानामागं बलभीमचं पातेलं रटरटत असतं. पाऊण तास म्हणजे पाऊण तास. लोक म्हणतात, "मामा, तर्री बी घाला की कुत्र्याला!" तो हसत नाही.

परवा समोरच्या योगीराजच्या सुरीखाली तसलंच काळीज आलं.

"योगीराज, थांब! हिकडं दे, म्या उकळतो."

"मामा, गिऱ्हाईक खोळंबलंय. एवढुसा फोड, काय हुतंय?"

त्यानं काळीज बाहेर भिरकावलं. एका दूधपित्या पिल्लांच्या कुत्रीनं ते उचललं आणि ती पळत सुटली. अठ्ठावन्न वर्षांचा बलभीम मागं धावला. केळीच्या हातगाड्यांमधून, मेथीच्या जुड्या तुडवत. बाजार हसत होता. भाजीवाल्या महादेवीच्या गाड्याखाली त्यानं कुत्रीला गाठलं, गुडघ्यावर बसून हात पुढं केला. ती गुरगुरली, आणि गिळून मोकळी झाली.

वर महादेवी त्याच कुत्रीच्या एका पिल्लाला मांडीवर घेऊन शेंगा खात होती.

"बाई, आदी हात धू. साबनानं."

"का वो मामा? लई बरं हाय हे पिल्लू."

"धू म्हंतो ना! ह्यानंच गेली माजी बायकू."

"चावलं व्हय?"

"न्हाय." तो तिथंच चिखलात बसला. "कुत्र्याला कच्चं काळीज घातलं. आठ वर्सं."

महादेवीनं हातातली शेंग खाली ठेवली. "अगं बया. कुनी घातलं?"

"म्या," बलभीम म्हणाला.