रंभाची आखणी

आमच्या रायगड जिल्ह्यात कबड्डीपटूला मान मिळतो, क्रिकेटवाल्याला टाळ्या मिळतात आणि बास्केटबॉल खेळणाऱ्याला लोक विचारतात, "म्हणजे ते जाळीत बॉल टाकायचं ना?" हो बाबांनो, तेच. त्या जाळीपायी मी रोह्याच्या एका शाळेत वीस वर्षं घसा फोडला. सकाळी अष्टमी गावातून सायकल काढायची, कुंडलिका नदीचा पूल ओलांडायचा आणि मैदानात जाऊन मुलींवर ओरडायचं. त्यामुळे माझ्या बोलण्यात जरा खरखर आली आहे, ती वाचणाऱ्यानं सोसून घ्यावी. हे मी लिहितोय ते माझ्याबद्दल नाही, पेणच्या रंभा म्हात्रेबद्दल. या बाईनं उभ्या जन्मात बॉल हातात धरला नाही आणि तरी मला माझाच खेळ शिकवला.

शहाण्णव सालची गोष्ट. डिसेंबरात मुंबईला बास्केटबॉलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा ठरली होती. आठ देशांचे पुरुष संघ आणि सहा देशांचे महिला संघ येणार होते. संयोजन समितीत मी होतो, म्हणजे चहा शेवटी मिळणाऱ्यांपैकी होतो. संघांना स्मृतिचिन्ह काय द्यायचं यावर बैठकीत पितळी ढालींची चर्चा सुरू झाली आणि माझं डोकं फिरलं. मी उठून म्हणालो, "ढाली कपाटावर धूळ खातात. आमच्या पेणला मूर्ती घडवणारी माणसं आहेत. प्रत्येक संघाला खेळाडूची दोन फुटी मूर्ती देऊ. पुरुषांना पुरुष खेळाडूची, बायकांना बाई खेळाडूची." मी खाली बसावं म्हणूनच बहुतेक सगळ्यांनी होकार दिला, आणि काम माझ्याच गळ्यात पडलं.

दुसऱ्याच दिवशी रोह्याहून गाडी पकडून पेणला गेलो. गुणाजीशेठचा गणपतीचा कारखाना म्हणजे एक लांबच लांब पत्र्याची शेड. साठीचे गुणाजीशेठ साचे स्वतः करत. मी वर्तमानपत्रातलं एक कात्रण दिलं. त्यात एक खेळाडू उडी मारून बॉल टाकतेय, पण फोटो पाठमोरा. शेठ म्हणाले, "अंग कळलं. तोंड आमचं आम्ही बघू." मला ते पटलं. तिथंच मी पहिली चूक केली, हे आधीच सांगून टाकतो.

पेणच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे शेवटी काढतात. त्या कामाला आखणी म्हणतात. आखणी होईपर्यंत ते प्लॅस्टर असतं, झाल्यावर बाप्पा. म्हणून कारखान्यात बाकी पन्नास हात असले तरी आखणीचा हात एखाद्याचाच, आणि बाहेरच्या लोकांच्या लेखी तो हात गुणाजीशेठचा होता. मुंबईची मंडळं त्यासाठीच त्यांच्याकडे येत.

खरं काय ते पुढच्या खेपेला मला रंभानंच सांगितलं. चाळिशीची, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यात बघणारी बाई. माहेर-सासर दोन्ही खाडीकडचं, मिठागरातलं. नवरा मोरू अजून मिठागरावरच होता. ही सोळाव्या वर्षी रंग ढवळायला कारखान्यात आली आणि घरगुती गणपतींच्या आखणीपर्यंत पोचली.

"मोठ्या मूर्तींचे डोळे पण माझेच हायत, सर," ती सरळ म्हणाली. "शेठचा हात दोन वर्सं कापतोय. पडदा लावतात, शेठ ब्रश घेऊन आत जातात, मी रंगाची वाटी घेऊन. बाहेर आलो की लोकं शेठच्या पाया पडतात."

"मग तू बोलत का नाहीस?"

"बोलले ना! शेठ म्हणतात, मंडळवाले बाईच्या हातचे डोळे घेणार नाय. पुढच्या सालापासून पुतण्याला बसवणार, कान्हूला. त्याचा हात बरा हाय, वाईट नाय. पण माझ्यासारखा नाय." यात ना बढाई होती ना तक्रार. "आता मी शेठना सांगितलंय, ह्या खेळाडूंचे डोळे माझ्या नावानं होऊ द्या. शेठ म्हणाले, चांगले झाले तर बघू. बिघडले तर ब्रश कान्हूचा."

म्हणजे माझ्या त्या चौदा मूर्तींवर रंभाचा ब्रश टांगलेला होता. मला हे कळलं आणि मी घाबरलो, कारण कामं बिघडवण्यात माझा हात चांगला बसलेला आहे.

स्पर्धेला सहा दिवस उरले तेव्हा शेठचा निरोप आला, मूर्ती तयार आहेत. मी माझ्या संघाची कप्तान दिशा हिला बरोबर घेऊन गेलो. शेडमध्ये फळीवर चौदा मूर्ती ओळीनं मांडल्या होत्या. काय अंग घडवलं होतं! पोटऱ्या ताणलेल्या, हनुवटी वर, बोटांच्या टोकावर बॉल. मी वाहवा म्हणणार एवढ्यात दिशा फस्सकन हसली.

"सर, ही बास्केट करते की आशीर्वाद देते?"

मी नीट बघितलं आणि कपाळावर हात मारला. चौदाच्या चौदा खेळाडू हवेत उडी मारून, रिंगकडे तोंड करून, डोळे मात्र खाली वळवून आमच्याकडे मायेनं बघत होते. बुबुळं खाली, पापणी अर्धी मिटलेली. समोर पाटावर कोणी हात जोडून बसलं असतं तर त्याचं कल्याणच झालं असतं. रंभानं इतकी वर्षं जशी आखणी केली तशीच अगदी मन लावून केली होती. देव भक्ताकडे बघतो. तिच्या लेखी मूर्तीनं दुसरीकडे बघायचं कारणच काय?

कान्हू कोपऱ्यात उभा होता. त्यानं शेठकडे बघितलं आणि शेठनी मान खाली घातली. रंभानं ते पाहिलं. दुसरी कोणी असती तर रडली असती किंवा माझ्यावर उखडली असती, आणि तिचं उखडणं रास्तच होतं. ती माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "माझा हात चुकला नाय, सर. हिच्याकडं कोण बघतो ते मी धरलं. ही कोणाकडं बघते ते तुम्ही सांगितलं नाय. उद्या मला खेळ दाखवा."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं ती एकटी रोह्याला आली. मी मुलींना मैदानावर उतरवलं आणि तिला बाजूच्या बाकावर बसवलं. ती दोन मिनिटं बसली, उठली आणि म्हणाली, "इथनं काय दिसत नाय. मला तिकडं बसायचंय." बोट रिंगकडे.

"तिकडे म्हणजे?"

"पोरी ज्याच्याकडं बघतात त्याच्या जागी."

मला वाटलं, बाईला ऊन लागलं. पण शाळेत व्हॉलीबॉलच्या पंचाची उंच खुर्ची होती, ती आम्ही ओढत आणली आणि बोर्डाच्या खांबामागे लावली. रंभा पदर खोचून चढली आणि रिंगमागच्या बोर्डाच्या कडेनं डोकं काढून बसली. सगळी शाळा गोळा झाली. हेडमास्तर खिडकीत आले. रंभाला त्याचं काही नव्हतं. ती दिशाला म्हणाली, "टाक गो. टाकत ऱ्हा." आणि तासभर ती नुसती डोळे बघत होती.

खाली उतरल्यावर तिनं मला जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. "पोरी बॉलकडं बघतच नायत, सर. आधी पापणी वर जाते, मग बुबुळ रिंगच्या पुढच्या कडेला चिकटतं. तिथं चिकटलं की बॉल जातो. डोळा हलला की जात नाय. तुमची ती बारकी, केस कापलेली, तिचा डोळा बॉलबरोबर सुटतो. तिला सांगा." ती बारकी म्हणजे किमया. तिला मी दोन वर्षं मनगटावरून शिव्या देत होतो. सांगून बघितलं. त्या आठवड्यात किमयाचे दहातले सात जायला लागले. मला आनंद झाला आणि लाजही वाटली, दोन्ही सारखंच.

पण पेणला वेगळंच संकट उभं होतं. साच्यातून नव्या मूर्ती काढायला वेळ नव्हता. होते तेच डोळे पुसून नवे काढायचे होते. आणि उघडलेला डोळा पुसायचा नाही, ही कारखान्याची रीत. मूर्तीची आखणी चुकली तर ती मूर्ती बाजूला ठेवतात, पण डोळ्याला फडकं लावत नाहीत. रंभानं टर्पेंटाइनची बाटली काढली तशी सगळी शेड थांबली.

"रंभा, हे आपल्यात चालत नाय," शेठ म्हणाले.

"देवाचे डोळे मी कदी पुसले नाय, पुसणार बी नाय," रंभा म्हणाली. "पण ह्या देव नायत, शेठ. देवाचं सगळं झालेलं असतं, म्हणून तो निवांत खाली बघतो. ह्यांना अजून जिंकायचंय."

"आणि रंग फाटला तर? चेहरा गेला तर?"

"तर कान्हूला बसवा. मी रंग ढवळीन."

शेठनी बाहेरचं कोणी बघू नये म्हणून दार लोटून घेतलं. रंभानं पहिला डोळा पुसला तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. तिनं नाही. तीन दिवस ती जेवणापुरती उठत होती. मूर्ती खाली फरशीवर ठेवायची आणि आपण स्टुलावर बसून वरून बघायचं, म्हणजे आपण रिंग. प्रत्येक मूर्तीची नजर तिनं स्वतःच्या कपाळावर घेतली. चौथ्या दिवशी चौदा मूर्ती भाताच्या पेंढ्यात बांधून टेम्पोत चढवल्या. कान्हूनं स्वतःहून दोऱ्या बांधल्या आणि जाताना तिला म्हणाला, "काकी, मला जमलं नसतं." चांगला पोरगा.

मुंबईत हॉलच्या दाराशी लांब टेबलावर मूर्ती मांडल्या. मी लपून बघत होतो. येणारा माणूस मूर्तीसमोर थांबायचा, तिचे डोळे बघायचा आणि मग आपसूक मान वर करून बघायचा, तिथं काय आहे म्हणून. तिथं छताशिवाय काही नव्हतं. साडेसहा फुटी परदेशी खेळाडूही मान वर करून गेले. मला इतका अभिमान वाटला की मी चहासुद्धा मागून घेतला आणि तो लगेच मिळाला.

शेवटच्या दिवशी मी गुणाजीशेठ, रंभा आणि मोरू यांना सामना बघायला बोलावलं. महिलांचा अंतिम सामना, आपल्या देशाच्या मुली विरुद्ध पाहुण्या. रंभा माझ्या शेजारी बसली आणि फ्री थ्रोला सुरुवात झाली की पुटपुटायची, "जाईल... हा नाय जाणार... जाईल." एकदाही चुकली नाही. पुढच्या रांगेतले दोन प्रशिक्षक मागे वळून बघायला लागले. आपल्या मुली चार गुणांनी हरल्या. शेवटचा बॉल सुटायच्या आधीच रंभानं तोंडावर हात धरला होता.

बक्षीस समारंभात निवेदकानं मूर्तींचं कौतुक केलं आणि मूर्तिकारांच्या सत्कारासाठी नाव पुकारलं, "पेणचे श्री. गुणाजीशेठ!" कागदावर तेवढंच नाव लिहिलेलं होतं. मी रंभाचं नाव लिहू का म्हणून विचारलं होतं, तेव्हा शेठ "बघू" म्हणाले होते. मला त्या क्षणी शेठचा राग आला, खरंच सांगतो. रंभा मात्र टाळ्या वाजवत होती. सगळ्यांसारख्याच, ना कमी ना जास्त.

शेठ वर गेले. शाल घेतली, नारळ घेतला आणि माईक मागितला. तो हातात धरला तेव्हा सगळ्या हॉलला दिसलं की तो हात थरथरतोय. शेठनी तो दुसऱ्या हातानं सावरला नाही.

"साचा माझा हाय," ते म्हणाले. "डोळे माझे नायत. माझा हात दोन वर्सं झाली, असा कापतो. तवापासनं माझ्या कारखान्यातल्या सगळ्या मोठ्या मूर्तींचे डोळे एकीनं काढले आणि पाया लोकं माझ्या पडले. मंडळांची माणसं बसली असतील तर ऐकून ठेवा. नको असंल त्यांनी दुसरा कारखाना बघावा. रंभा, वर ये गो."

हॉलमध्ये निम्म्या लोकांना मराठी येत नव्हतं, पण हात सगळ्यांना दिसत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. मोरूनं रंभाला कोपरानं ढोसलं. ती उठली, चपला बाकाखाली काढून ठेवल्या आणि ते लाकडी कोर्ट अनवाणी ओलांडून गेली. शेठनी शाल स्वतःच्या खांद्यावरून काढून तिच्या खांद्यावर घातली. पाहुण्या संघाची कप्तान सोन्याचं पदक गळ्यात घालून शेजारी उभी होती. तिनं आपल्या संघाची मूर्ती उचलली, मूर्तीच्या डोळ्यांकडे बोट केलं आणि रंभाकडे बघून भुवया उंचावल्या.

निवेदकानं माईक पुढे केला. "बाई, आपलं नाव?"

रंभानं माईककडे बघितलंच नाही. तिनं समोर भरलेल्या हॉलकडे बघितलं, अगदी वरच्या शेवटच्या रांगेपर्यंत.

"रंभा मोरू म्हात्रे," ती म्हणाली. "आखणी माझी."