वैशाखातला अनवाणी सम्राट

बालाघाटात राहून अख्खा जन्म मध्ययुगीन युरोपात काढलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असणार, आणि नेमका तोच आमच्या नशिबी घरमालक म्हणून आला. जंगल खात्यात बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क. तरुणपणी बी.ए.ला युरोपच्या इतिहासाच्या एकाच पेपरात पुन्हा पुन्हा नापास झाले, आणि ज्या पेपरानं पाणी पाजलं त्याच्याच प्रेमात पडले. तेव्हापासून त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, राजे आणि पोप. घरात ते स्वतः राजे आणि वहिनी पोप, कारण ऑफिसची काळी टोपी वहिनींच्या फडताळात असे आणि भाजी आणल्याशिवाय बाहेर निघत नसे. "पोपच्या हातून मुकुट चढल्याबिगर राज्य करता येत नाही, बुवा," असं म्हणत हे पिशवी घेऊन निघायचे.

शेजाऱ्याची म्हैस त्यांच्या वांग्यांत शिरली की धर्मयुद्ध पुकारलं जाई. बंडीवर लाल चिंध्यांचा क्रूस टाचून, हातात काठी घेऊन स्वारी पवित्र भूमी सोडवायला निघे. एकदा अशी निघालेली स्वारी शेजाऱ्याच्याच ओसरीवर भजी खात बसलेली मी पाहिली. म्हैस आपली निवांत वांगी खात होती. "हे काय, बडेबाबू?" तर म्हणाले, "चौथ्या धर्मयुद्धात फौज वाटेतच भलत्या शहरात घुसली होती. इतिहास वाचत जा जरा!"

त्यांचे खरे पोप मात्र लालबर्ऱ्याला राहत. थोरल्या बहिणीचे यजमान, गावच्या देवळाचे पंच. देवळाला विचारल्याशिवाय गावात कुणी नाटकाचा पडदा बांधायचा नाही, असा त्यांनी फतवा काढला आणि आमचे राजे भर पंगतीत बोलून गेले, "भाऊजी, देवळानं घंटा सांभाळावी. राज्य आम्ही पाहून घेऊ." भाऊजी ताटावरून उठले. "या घराचा उंबरा पुन्हा चढू नको!" दुसरा कुणी खचला असता. हे बालाघाटला येऊन पेढे वाटत सुटले. "आपल्यावर बहिष्कार पडला! डायरेक्ट सम्राटाच्या पंगतीत बसलो!"

हा आनंद भाचीचं, सुमनचं, लग्न ठरेपर्यंत टिकला. पत्रिका सगळ्या गावाला आली, यांना नाही. वहिनी एवढंच म्हणाल्या, "आता पोरीले मांडवात कोण आणन?" पोरीला मामानं आणायचं असतं. सुमनला यांनी खांद्यावर खेळवलेली, आणि तिला दुसरा मामा नव्हता. बडेबाबू त्या दिवशी जेवले नाहीत. वांग्यांत म्हैस शिरली तरी उठले नाहीत. मग हळदीच्या दिवशी सकाळीच मला हाक मारली, "चला. सम्राटासंगं बखरकार लागते."

बहिष्कार टाकणाऱ्या पोपची माफी मिळावी म्हणून एक जर्मन सम्राट त्याच्या दाराशी तीन दिवस अनवाणी बर्फात उभा राहिला होता, हे त्यांनी मला बसमध्ये ऐकवलं. लालबर्ऱ्यात पोचल्यावर भाऊजींच्या फाटकाबाहेर चपला काढल्या आणि वैशाखाच्या फुफाट्यात हात जोडून उभे राहिले. मी म्हटलं, "अहो, पाय भाजतील!" म्हणाले, "बर्फ कुठून आणू? इथं हेच हाय."

पण भाऊजींना बिचाऱ्यांना जर्मन सम्राट काय ठाऊक! ते आतून ओरडले, "पहा, पहा! लगनाच्या घरी धरणं देऊन राह्यला!" बहिणीनं तांब्या पाठवला, तर हे पाणी घेईनात. पश्चात्तापात पाणी बसत नाही म्हणे. मांडवातले पाहुणे जमले. यांचा चेहरा लालबुंद, तरी जोडलेले हात सोडेनात.

तेवढ्यात हळदीनं माखलेली सुमन बाहेर आली. हळद लागलेल्या पोरीनं उंबरा ओलांडू नये, हे शेंबड्या पोरालाही माहीत. ती ओलांडून आली आणि मामाशेजारी अनवाणी उभी राहिली. "मामा नाही, तं मीही मांडवात येत नाही, बाबा."

अरे बाप्पा! देवळाचे पंच ते. पोरीला आत न्यायला तसेच धावले, पायात काही न घालता, आणि फुफाट्यात येताच टुणकन उडाले. तिघंही तिथं एक पाय वर, एक पाय खाली नाचू लागले. "चाल बे आत! पाय जळून राह्यले माहे!" असं ओरडत भाऊजींनी मेव्हण्याचं मनगट धरलं आणि उंबऱ्याच्या आत ओढलं. आमचे राजे रडत रडत मला ओरडून सांगत होते, "लिहून घ्या, बुवा! पोप खुद्द अनवाणी आला!"

दुसऱ्या दिवशी तळव्यांना लोणी फासून, लंगडत लंगडत त्यांनी सुमनला मांडवात आणलं. तिच्यामागं उभे राहिले ते अक्षता संपल्या तरी हलेनात.

पुढं ही गोष्ट त्यांनी मला किती वेळा ऐकवली असेल! पोपनं सम्राटाला उठवून जवळ घेतलं, इथं ती संपायची. माझी बदली झाली, आणि कितीतरी वर्षांनी एका पुस्तकात मी पुढचं वाचलं. ते दोघे पुन्हा भांडले, सम्राट फौज घेऊन चालून गेला, पोप परागंदा होऊन परक्या गावी मेला. बडेबाबूंना हे ठाऊक नसणं शक्य नव्हतं. त्यानंतर भेट झाली तेव्हा ते थकले होते, भाऊजी जाऊन वर्ष झालं होतं, आणि भाऊजींची जुनी काठी यांच्या हातात होती. मी विचारलं, "त्या सम्राटाचं पुढं काय झालं हो?"

काठीवर हात फिरवत ते म्हणाले, "पुढचं आपल्याले पेपरात नव्हतं, बुवा."