सिस्टरबाईंच्या नावावर घर नव्हतं

चौथीच्या वर्गाला मी शुद्धलेखन घालत होते आणि आमचे हे वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. ऑफिसच्या वेळेत शाळेत येणारा हा माणूस नव्हे. मी बाहेर गेले तर म्हणाले, "बाई गेली." अमरावतीच्या दवाखान्यातून ऑफिसात फोन आला होता. रात्रपाळी संपवून, वॉर्ड दुसऱ्या नर्सच्या हाती देऊन त्या व्हरांड्यातल्या बाकावर जरा टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. त्रेपन्न वर्षांच्या होत्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती... निवृत्त झाल्यावर अकोल्याला आमच्याकडे यायचं ठरलं होतं.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. बाई म्हणजे गयाबाई, माझी मोठी नणंद. दवाखान्यात आणि दवाखान्याबाहेरही सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. सोळाव्या वर्षी लग्न आणि एकोणिसाव्या वर्षी वैधव्य. नवरा गेल्यावर महिन्याच्या आत सासरच्यांनी त्यांची पेटी ओट्यावर आणून ठेवली. त्या माहेरी आल्या, पण माहेरी तरी काय होतं? आई नव्हती, बाप मजुरी करायचा आणि भाऊ सात वर्षांचा. बाई अकोल्याच्या दवाखान्यात आया म्हणून लागल्या. बायका अडल्या की डॉक्टरीणबाईंच्या बाजूला उभ्या राहून बघत बघत शिकल्या. पुढे दाईची परीक्षा दिली, मग नर्सिंगची. त्या पगारावर त्यांनी भावाला मॅट्रिकपर्यंत शिकवलं, कारकुनाच्या नोकरीला लावलं आणि त्रेपन्न साली त्याच्यासाठी मला पाहायला तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावी आल्या. मुलीला स्वयंपाक येतो का, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते हे, "कितवी झाली तुई?" मी म्हटलं, सातवी. "पुढं शिकाचं हाये का?" मी वडिलांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "त्याइच्याकडे कावून पायतं? तुले इचारलं मी."

सासरी आल्यावर मात्र मला त्यांचा धाक वाटे, आणि खरं सांगायचं तर रागही येई. घरात दोन मिळवती माणसं, पण दिवाळीला नवं लुगडं नाही. पाहुणा आला तरच गोडधोड. आमच्या यांना सायकल हवी होती, ती तीन वर्षं मिळाली नाही. पगार झाला की त्यातला एक भाग बाई आधी बाजूला काढत आणि उरलेल्यात महिना भागवायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "बाई, लोक आधी खर्च करतात आन् उरलं तं ठेवतात."

"म्हनून त्याइचं उरत नाई," त्या म्हणाल्या आणि डाळ निवडायला बसल्या.

छप्पन साली आम्ही सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. त्यानंतर आमच्यातल्या नोकरदार मंडळींच्या मनात एक विचार घोळू लागला, आपली स्वतःची वसाहत असावी. कुणी मास्तर होते, कुणी रेल्वेत, कुणी कचेरीत, एक वकीलसाहेब होते. पगार सगळ्यांना होते, पण घर भाड्याचं आणि तेही आडनाव ऐकल्यावर मिळेल तिथे. रविवारी आमच्या दोन खोल्यांत सतरंजीवर बैठक बसायची. पहिली जमीन ठरली तेव्हा मालकाने इसार घेतला आणि चार दिवसांनी घेणाऱ्यांची नावं कळल्यावर परत पाठवला. आमचे हे त्या दिवशी जेवले नाहीत. बाई म्हणाल्या, "पैसे परत आले ना? बुडाले तं नाई. दुसरी पाऊ." दुसरी मिळाली ती गावाबाहेर, जिनिंग फॅक्टरीच्या मागे, काळी भुसभुशीत जमीन. पावसाळ्यात चप्पल रुतून बसायची. अकरा प्लॉट पडणार होते.

आमच्या वाट्याला रक्कम कमी पडत होती. एका संध्याकाळी बाई माझ्याजवळ बसल्या. "वत्सला, तुई एकदानी मोडली तं आपला प्लॉट होते. पन मोडाची का नाई, ते तू सांग." ती गळ्यातली सोन्याची एकदाणी माझ्या वडिलांनी दोन वर्षांचा कापूस विकून केली होती. मी नाही म्हटलं आणि रडले. मला वाटलं, आता हे घर मला सुखानं राहू देणार नाही. पण बाई उठल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो विषय पुन्हा काढला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत जमवून केलेलं तेवढंच सोनं त्यांच्याकडे होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "दवाखान्यात तशाबी काढून ठेवा लागतात."

रजिस्ट्रीच्या दिवशी त्यांनी मलाही सोबत नेलं. कारकुनाने पुकारा केला तो माझ्या नावाचा. मी यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, त्यांना आधीच माहीत होतं. सही करताना नावातला 'ल' दोनदा गिरवला गेला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, पैसे तुमचे. नाव माहं कावून?" कचेरीच्या आवारात लिंबाखाली आम्ही उभ्या होतो.

"नामदेव माहा भाऊ हाये, चांगला हाये," त्या म्हणाल्या. "माहा नवराबी चांगला होता. तो असेपर्यंत मले कोनी काई म्हटलं नाई. पन घर त्याच्या बापाचं होतं. उद्या काई झालं तं तुही पेटी कोनी ओट्यावर ठेवू नोय."

त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांचा राग आला नाही.

त्यानंतर त्यांनीच मला मास्तरणीच्या ट्रेनिंगला पाठवलं. माझी मोठी मुलगी तेव्हा वर्षाची होती, तिला त्यांनी दवाखान्याच्या पाळ्या सांभाळून सांभाळलं. साठ साली सरकारी कर्ज मिळून आमच्या प्लॉटवर तीन खोल्या उभ्या राहिल्या. तोवर बाईंची बदली अमरावतीला झाली होती. महिन्यातून एकदा एस.टी.ने येत. आम्ही रेडिओ घेतला तेव्हा "एवढ्यात एक खोली झाली असती" म्हणून तासभर बोलल्या, आणि रात्री जेवण झाल्यावर भावगीतं लागली तशी खुर्ची ओढून रेडिओच्या अगदी जवळ बसल्या. पुढे प्रत्येक खेपेला ती खुर्ची तिथेच लागायची.

वसाहत भरत गेली. कंपाउंडं झाली, दारांवर पाट्या लागल्या, कुणाची मुलं मेडिकलला गेली. अकरावा प्लॉट मात्र रिकामा होता. तो काशीबाईचा. काशीबाई बाईंच्या जुन्या दवाखान्यातली आया. पहिल्या बैठकीपासून तिचा छोटासा हप्ता येत होता. मध्ये तिच्या नवऱ्याला क्षय झाला, तो गेला, आणि त्या धांदलीत तिचे आठ महिन्यांचे हप्ते राहिले. बासष्ट साली आमच्या घरी भरलेल्या बैठकीत वकीलसाहेबांनी विषय काढला. नवे इंजिनियरसाहेब बदलून आले होते, आपलेच होते, सगळी रक्कम एकदम द्यायला तयार होते. काशीबाईचे पैसे परत करावेत आणि प्लॉट त्यांना द्यावा.

"वसाहतीची पत वाढेल," वकीलसाहेब म्हणाले. "काशीबाईबद्दल मला वाईट वाटतं. पण ती घर केव्हा बांधणार? कसलं बांधणार?"

काशीबाई दाराशी उभी होती. आत या, असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. बाई त्या बैठकीसाठी मुद्दाम अमरावतीहून आल्या होत्या आणि मागच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काशी, आत ये. माह्याजवळ बस." मग वकीलसाहेबांना म्हणाल्या, "साहेब, आपला इसार परत आला होता तो दिवस आठवते तुमाले?"

वकीलसाहेब अवघडले. "सिस्टरबाई, ती गोष्ट वेगळी. आणि तुम्हाला ठाऊक आहे, मत फक्त प्लॉटधारकांचं."

"ठाऊक हाये. तो नियम मीच लिवला."

आणि त्यांनी पुन्हा भिंतीला पाठ टेकवली. त्यांच्या नावावर प्लॉट नव्हता. आमच्या घरात प्लॉटधारक होते मी. एरवी अशा बैठकांत आमचे हे माझ्या वतीने बोलत आणि मी चहा करी. त्या आठवड्यात घरी हा विषय निघाला तेव्हा हे म्हणाले होते, "इंजिनियर शेजारी आला तं आपल्याच पोराईचं भलं होईन." मी भाकरी थापत राहिले होते. बाईही आदल्या रात्री आमच्याकडेच होत्या, पण त्यांनी मला एका शब्दाने काही सांगितलं नाही.

इंजिनियरांच्या बाजूचे हात वर झाले. चार. यांनीही सवयीने हात उचलला, तेव्हा रेल्वेतले भाऊ म्हणाले, "नामदेवराव, तुमचं मत वहिनीचं हाये." यांनी हात खाली घेतला. मग वकीलसाहेबांनी विचारलं, काशीबाईच्या बाजूनं कोण? कुणीच हललं नाही. बाई छताकडे बघत होत्या. मी पदराला हात पुसले आणि स्वयंपाकघराच्या दारातून उजवा हात वर केला. तो एकटाच वर होता आणि किती वेळ तसा होता ते मला सांगता यायचं नाही... मग रेल्वेतल्या भाऊंचा हात वर आला, मास्तरांचा आला, आणखी तिघांचे आले.

आमचे हे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बाई दुसऱ्या सकाळी अमरावतीला निघाल्या. एस.टी.त बसल्यावर खिडकीतून माझं मनगट धरलं, गच्च, नाडी बघतात तसं, आणि गाडी सुटेपर्यंत सोडलं नाही. पाचव्या दिवशी हे म्हणाले, "त्या बाईच्या पायव्याले माती लागन. माह्या ओयखीचा गाडीवाला हाये." काशीबाईने कौलारू दोन खोल्या बांधल्या. तिची मुलगी यंदा मॅट्रिकला आहे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आम्ही अमरावतीला बाईंची क्वार्टर रिकामी करायला गेलो. एक खोली. लोखंडी खाट, स्टोव्ह, बुद्धाची तसबीर, दोरीवर वाळलेली पांढरी पातळं. सामान टांग्यात मावेल एवढंच. खाटेखाली वर्तमानपत्रांत गुंडाळलेलं एक खोकं निघालं. वाटलं, औषधाच्या बाटल्या असतील. उघडलं तर चिनी मातीचे सहा कप आणि सहा बश्या, निळ्या फुलांच्या, सोनेरी काठाच्या. कोऱ्या. शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, "दर पगारात एकेक घ्यायच्या. मी म्हटलं, वापरा तरी. तर म्हणाल्या, आता घरी गेल्यावर काढीन."

आमचे हे ते खोकं मांडीवर घेऊन खाटेवर बसले आणि पहिल्यांदा मोठ्याने रडले.

परवा संध्याकाळी काशीबाई आली. मी त्यातल्या दोन कपांत चहा ओतला. ती हात लावेना. "वत्सलाबाई, हे कोनाचे व?" मी सांगितलं. तिने कप उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग बशीत चहा ओतून, फुंकर मारून, आवाज करत प्यायली. पिऊन झाल्यावर तिने दोन्ही कप स्वतः विसळले, पदराने कोरडे केले आणि फळीवर पालथे घातले. कपाटात नाही, रोजच्या भांड्यांच्या फळीवर. मी ते तिथेच राहू दिले आहेत.