लाल वायरचा तुकडा

दोन हजार चार-पाचच्या सुमारास मीरा रोडच्या चौदा बिल्डिंगांच्या लिफ्ट मी एकटा सांभाळायचो. आमचे मालक बाकीच्या मेकॅनिकना सांगायचे, "याच्या बिल्डिंगची कम्प्लेंट येत नाही." रत्नागिरीहून आलेल्या, आयटीआय अर्धवट सोडलेल्या माणसाला एवढं वाक्य महिनाभर पुरायचं.

तेव्हा लिफ्टना जाळीची दारं असत. दार पूर्ण लागलं नाही तर लिफ्ट हलायची नाही. पण बिघाड शोधताना आम्ही गच्चीवरच्या मशीनरूममध्ये वायरचा एक तुकडा जोडायचो. तो असला की दार उघडं ठेवूनही लिफ्ट चालायची. काम झालं की तुकडा काढायचा. माझा लाल होता, शर्टाच्या खिशात असायचा.

एका सकाळी सात मजली बिल्डिंगचं काम उरकून मी इंद्रलोक वस्तीतल्या माझ्या घरी जेवायला आलो. ताटावर बसलो आणि सहज खिसा चाचपला. रिकामा.

"अहो, काय झालं?" बायकोने विचारलं. मी ताटावरून उठलो. साडेबारा वाजत आले होते, शाळा सुटायची वेळ. त्या बिल्डिंगमधली पोरं जाळीतून बोटं बाहेर काढून उभी राहायची, मीच त्यांना कितीदा ओरडलो होतो.

खालच्या पीसीओवरून सोसायटीच्या ऑफिसात फोन लावला. कोणी उचलेना. रिक्षा केली. "भैया, जल्दी," एवढंच म्हणत राहिलो. सिग्नलला रिक्षा थांबली. तुरुंग, मालक, गावाकडे आई काय ऐकेल, सगळं मनात येऊन गेलं. आणि खरं सांगायचं तर पोरांच्या आधी ते आलं.

पोचलो तेव्हा लिफ्ट वर चालली होती. जाळी अर्धी उघडी. आत एक बाई आणि युनिफॉर्ममधली दोन मुलं. धाकट्याचा हात दाराच्या फटीतून बाहेर. "हाथ अंदर लो!" मी किंचाळलो आणि धावत मीटररूममध्ये जाऊन मेन स्विच खाली ओढला. वरून रडण्याचा आवाज आला. कोणाला लागलं म्हणून रडतंय की घाबरून, ते कळायला मार्ग नव्हता. सात मजले चढताना मी कान देऊन तेवढंच ऐकत होतो.

लाल तुकडा जिथल्या तिथे होता. तो काढला, ब्रेक सोडून हाताने चाक फिरवत लिफ्ट मजल्याला आणली. खाली उतरून पाहिलं, मुलं धडधाकट होती.

सोसायटीचे सेक्रेटरी, एक निवृत्त गुजराती गृहस्थ, जिन्यात उभे होते. "क्या हुआ था?"

"लाइट का फॉल्ट" हे शब्द जिभेवर तयार होते. कोणाला कधी कळलंही नसतं. पण त्या बाईने धाकट्याचा हात अजून सोडला नव्हता. मी म्हणालो, "गलती मेरी है, साहब. वायर निकालना भूल गया."

त्यांनी तिथूनच मालकांना फोन केला. मालकांनी माझ्याकडच्या सगळ्या किल्ल्या काढून घेतल्या. "इतक्या वर्षांचं नाव एका दुपारी घालवलंस," म्हणाले. सहा महिने मी दुसऱ्या मेकॅनिकची हत्यारं उचलली. रोज वाटायचं, आज घरी पाठवतील.

मग त्याच सेक्रेटरींनी मला परत मागितलं. "जो खुद अपनी गलती बोलता है, वही भेजो," असं त्यांनी मालकांना सांगितलं म्हणे. पुढे हळूहळू सगळ्या बिल्डिंग परत आल्या, दोन नव्याही मिळाल्या. सावध माणूस म्हणून माझं नाव झालं. गच्चीवरून उतरल्यावर मी पुन्हा वर जाऊन बघायचो, कधी कधी तिसऱ्यांदाही. लोकांना त्याचं कौतुक होतं. मला मात्र तेव्हा दरदरून घाम फुटलेला असायचा.

ती बाई मी लिफ्टपाशी दिसलो की मुलांचा हात धरायची आणि जिना चढायला लागायची.