श्रावणी रोज रेघेबाहेर का जायची

या बघू, अशा जवळ बसा. पोर मैदानावर सोडायची आणि आपण कट्ट्यावर मोबाईल बघत बसायचं, शोभतं का हे? मी बोलणारच. पण आधी माझीच चूक सांगते की.

भवानी पेठेतल्या पोरींना मी बावीस वर्षं खो-खो शिकवतेय. कोर्स-बिर्स काही नाही, पळून पळूनच शिकले. श्रावणी माझी सगळ्यात चांगली रनर. रनर म्हणजे जिला पकडायला समोरची टीम धावते ती. रविवारी जिल्ह्याचं सिलेक्शन, आणि ही रोज बाद! तेही कुणी हात न लावता. मैदानाच्या कडेनं फक्कीची पांढरी रेघ असते. दोन्ही पाय तिच्याबाहेर गेले की रनर बाद. हिचे रोज जायचे.

मी तिच्या आईला बोलावलं.

"अंबुबाई, पोरीचे डोळे तपासून घ्या. रेघ दिसत न्हाय हिला."

सात रस्ता चौकातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. अंबुबाई चिठ्ठी नाचवतच आल्या. "बाई, नंबर न्हाय! लांबची मुंगीपण दिसते तिला!"

त्या खूश. मी मात्र हिशेब मांडला. डोळे चांगले, म्हणजे रेघ दिसतेय. दिसतेय, तर मुद्दामच जातेय की ही!

त्या संध्याकाळी मी स्टॉपवॉच खिशात टाकलं आणि नुसतं तिचं तोंड बघितलं. पाय बाहेर पडले आणि पोरीनं असा श्वास सोडला, जशी परीक्षा सुटल्याची घंटा झाली.

"खेळायचं न्हाय का गं तुला?"

"न्हाय, बाई." मान खाली. "सोडते म्हटलं तर अम्मा रडंल. बाद झाले तर नुसती ओरडते."

मग मायलेकींना समोरासमोर बसवलं आणि पोरीचं म्हणणं आईला सांगितलं. अंबुबाई म्हणाल्या, "मी कशाला रडू? तुमी इतकं शिकवलं, तुमाला वाईट वाटंल म्हणून पाठवत होते."

"आणि मी तुमचं मन मोडू नये म्हणून हिला टीममध्ये ठेवली होती!" मी म्हटलं.

श्रावणी आमच्या दोघींकडं बघतच राहिली. "मग मी पळत कुणासाठी होते?"

आधी अंबुबाईंनाच हसू फुटलं.

सिलेक्शनच्या यादीतून तिचं नाव मी माझ्या हातानं काढलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? आता शनिवारी ती मैत्रिणींबरोबर गंमत म्हणून खेळायला येते. एकदाही रेघेबाहेर गेली नाही.

पोरगी बाद झाली की पायाकडं बघू नका, तोंडाकडं बघा. मला हे शिकायला डोळ्यांचा डॉक्टर लागला. या शनिवारी तुम्हीच या की मैदानावर. मोबाईल तेवढा घरी ठेवा, चहाचा थर्मास मी आणते.