नंबर लॉकवाल्या मावशी

बडनेऱ्याहून अकोल्याला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. मांडीवरच्या पिशवीत तुरीच्या ओल्या शेंगा होत्या. न बघता त्या शेंग सोलायच्या, दाणे तोंडात टाकायच्या आणि टरफल परत पिशवीत.

मी लॅपटॉपवर नोकरीचा अर्ज भरत होते. मुदत दुपारी बाराला संपत होती. कीबोर्डच्या वरच्या ओळीतला सात बिघडला होता आणि माझ्या मोबाइल नंबरात दोन सात आहेत. उजवीकडचे आकडे दाबले तर आकडा उमटतच नव्हता, नुसता कर्सर सरकायचा. डब्यात कुणाला विचारायचा धीर मला होत नव्हता.

पावणेबाराला मावशींनी पदराला बोटं पुसली आणि हात लांबवून कोपऱ्यातलं नंबर लॉकचं बटण दाबलं.

"आता मार सात."

सात उमटला.

"तहसीलात सातबारे टाइप करते मी," त्या म्हणाल्या. "बडनेऱ्यापासून पाहून राहिली तुले."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"मघा फोनवर कशी इंग्रजी झाडली तू! मले वाटलं, हे पोरगी आपल्यासंग काय बोलन?"

शाळेपासून लोक मला शिष्ट का समजतात, ते मला तेव्हा कळलं.

अर्ज वेळेत गेला. मूर्तिजापूर आलं, त्या उठल्या, तेव्हा मी कसंबसं म्हटलं, "मावशी, मी घाबरले होते हो. म्हणून गप्प होते."

त्या दारातून वळून हसल्या.

"अवं माय! अन् मी तुलेच भेऊन राहिली होती."